तुम्ही विचारलंत म्हणून : मोडून टाकलेली रचना कुठे ठेवावी?

लेगोचे ठोकळे जुळवून स्वतःच्या मनाने काही उभे केले, तर ते इंटरनेटवर कुठे दाखवावे, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांत मुलांचे पालक असतात, निवृत्तीनंतर या छंदाकडे वळलेले असतात, आणि वर्षानुवर्षे ठोकळे जोडत असूनही आजवर एकही छायाचित्र कोणाला न दाखवलेले लोकही असतात. संचाच्या पुस्तिकेत नसलेल्या, आपण स्वतः रचलेल्या वस्तूला या छंदात ‘मॉक’ म्हणतात. ‘माय ओन क्रिएशन’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव रूढ झाले आहे. प्रश्न विचारणाऱ्यांची अपेक्षा असते की मी एका संकेतस्थळाचे नाव सांगावे. तसे एक नाव मी देऊ शकत नाही. मात्र जागा कशी निवडावी, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे.

चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, सुताराने घडवलेली खुर्ची घरात राहते. मॉक मात्र बहुतेक वेळा मोडावाच लागतो. लेगोच्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये अर्ज केला गेला, आणि त्या काळातला ठोकळा आज विकत घेतलेल्या ठोकळ्यावर अजूनही घट्ट बसतो. इतका टिकाऊ असलेला ठोकळा पुन्हा वापरण्यासाठीच असतो. पुढच्या रचनेला तेच करडे तुकडे, त्याच लांबीचे दांडे लागतात, आणि ते आधीच्या रचनेत अडकलेले असतात. महिनाभर खपून उभे केलेले काम एका संध्याकाळी सुटे होऊन खणांच्या डब्यात परत जाते. म्हणून रचना कुठे दाखवावी हा प्रश्न मला नेहमी वेगळा ऐकू येतो: मोडल्यावर ही रचना कुठे राहणार, आणि कोणाच्या हाती जाणार?

शेवटचे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत. रचना पाहणारे असतात आणि रचना जोडणारे असतात. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत, दोघांकडून मिळणारी पोचही वेगळी आहे. आपल्याला कोण हवे आहे हे आधी ठरवले नाही, तर चांगल्या जागी जाऊनही माणूस नाराज होऊन परततो.

यातला फरक मला एका शिवणयंत्राने शिकवला. हाताने चाक फिरवले की सुई वरखाली होईल, असे एक जुन्या पद्धतीचे काळे शिवणयंत्र मी रचले होते. चाकाचा दांडा यंत्राच्या पोटातून आडवा जात होता, त्याच्या टोकाला एक चकती होती आणि चकतीच्या कडेजवळच्या खिळीने सुईचा दांडा वर ढकलला जात होता. ठोकळ्यावरचे दोन स्टड, म्हणजे वरचे गोल उंचवटे, एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात; मला सुई बरोबर त्याच्या निम्म्याने, म्हणजे ४ मिलिमीटरने, बाजूला हवी होती, म्हणून मधोमध एकच स्टड असलेला पातळ तुकडा, म्हणजे जंपर प्लेट, वापरली होती. छायाचित्रे टाकली, शेकडो लोकांनी पसंती कळवली, ‘सुंदर’ असे लिहिले, आणि दोन दिवसांत ते सारे शांत झाले. पुढे जोडणीच्या पायऱ्या आणि भागांची यादी तयार करून मी तेच यंत्र दुसऱ्या ठिकाणी ठेवले. काही आठवड्यांनी एका अनोळखी व्यक्तीचे पत्र आले. सत्तेचाळिसाव्या पायरीला दांडा बसवायला सांगितला आहे, पण त्याला पलीकडून आधार देणारा भोकाचा ठोकळा येतो त्रेपन्नाव्या पायरीला; मधल्या पाच पायऱ्यांत दांडा तीनदा निसटून पडला, तेव्हा क्रम बदलता येईल का, असे त्यात विचारले होते. सोबत त्यांनी जोडलेल्या यंत्राचे छायाचित्र होते. काळे तुकडे पुरेसे नसल्यामुळे त्यांचे यंत्र गडद हिरवे झाले होते. माझे यंत्र तोवर मी मोडले होते. त्या एका पत्रात माझ्या कामाकडे जेवढे लक्ष दिले गेले होते, तेवढे आधीच्या सगळ्या शाबासकीत मिळून नव्हते.

तेव्हापासून कोणी विचारले की मी पहिले नाव रिब्रिकेबलचे घेतो. २०११ पासून चालत आलेल्या या संकेतस्थळावर मॉकचे पान असते, त्यात भागांची यादी असते, जोडणीची पुस्तिका फुकट किंवा मोल घेऊन देता येते, आणि पाहणाऱ्याने आपल्याकडचे संच तिथे नोंदवून ठेवले असतील तर तुमची रचना उभारायला त्याच्याकडे कोणते तुकडे आहेत आणि कोणते कमी पडतात, हे त्याला लगेच कळते. एकाच संचाच्या तुकड्यांतून दुसरे काही रचले असेल, तर अशा पर्यायी रचनांसाठी मला याहून योग्य जागा ठाऊक नाही. ज्यांच्याकडे तो संच आहे त्या सर्वांना काहीही विकत न घेता तुमची रचना करून पाहता येते. मात्र इथे येण्याआधी पुस्तिका करावी लागते, आणि ते काम रचना करण्याइतकेच, कधी त्याहून जास्त वेळ घेते. ज्याला ती मेहनत नको आहे त्याने स्वतःवर जबरदस्ती करू नये.

पुस्तिकेसाठी रचना आधी संगणकावर उतरवावी लागते. त्यासाठी बहुतेक जण आज ब्रिकलिंकचा स्टुडिओ हा प्रोग्रॅम वापरतात. ब्रिकलिंक २००० साली सुट्या तुकड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी सुरू झाले आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीने ते विकत घेतले. स्टुडिओत केलेली रचना त्यांच्याच गॅलरीत ठेवता येते, आणि ज्यांच्याकडे प्रत्यक्ष ठोकळे फार नाहीत त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. माझा आग्रह इतकाच की केवळ संगणकावर केलेली रचना दाखवताना तसे स्पष्ट लिहावे. पडद्यावर जड छप्पर एका स्टडवर तोलून धरता येते, कंपनीने कधीही न काढलेल्या रंगातला तुकडाही लावता येतो. जो माणूस ते प्रत्यक्ष जोडायला बसेल त्याचा वेळ आणि पैसा त्यात जाणार असतो.

आता पाहणाऱ्यांच्या जागांकडे वळतो. इन्स्टाग्राम आणि रेडिट इथे माणसे भरपूर भेटतात आणि पटकन भेटतात. छंदाबाहेरच्या लोकांना, नातेवाइकांना, मित्रांना दाखवायचे असेल तर दुसरीकडे जाण्याची गरज नाही. पण तिथे आजचे काम परवा खाली गेलेले असते, आणि रचनेतला बारकावा मोबाइलच्या पडद्यावर बोटभर चित्रात फारसा उरत नाही. फ्लिकर मला या दृष्टीने अजूनही जवळचे वाटते. २००४ पासूनच्या या संकेतस्थळावर लेगोवाल्यांचे जुने आणि जाणते समूह आहेत, छायाचित्र मोठ्या आकारात पाहता येते, आणि एखाद्याने भिंतीतल्या विटा आडव्या कशा बसवल्या आहेत हे चित्र मोठे करून शोधता येते. तंत्र शिकायचे असेल, आपल्यासारखेच काम करणारे शोधायचे असतील, तर तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ घालवावी असे मी सांगतो.

तरीही त्यातली एकही जागा कायमची आहे असे समजू नका. मी माझी पहिली चाळीस-पन्नास कामे ज्या एका ठिकाणी ठेवली होती, ते ठिकाण एके दिवशी उघडलेच नाही, आणि पुन्हा कधी उघडले नाही. रचना मोडलेल्या होत्या, मूळ छायाचित्रे जुन्या फोनसोबत गेली होती. त्यांतल्या काही रचनांचे आज माझ्याकडे केवळ वर्णन करण्याइतके स्मरण उरले आहे. त्या दुःखाला मी स्वतः जबाबदार होतो, कारण दाखवण्याची जागा आणि जपून ठेवण्याची जागा या दोन गोष्टी मी एकच मानल्या होत्या. सेवा देणाऱ्यांचे नियम बदलत असतात. छायाचित्रे ठेवण्याची सेवा देणाऱ्या फोटोबकेटने २०१७ मध्ये इतर संकेतस्थळांवर दिसणाऱ्या चित्रांसाठी वर्षाला ३९९ डॉलरची योजना घ्यायला लावली आणि कितीतरी जुन्या चर्चांतली चित्रे रातोरात नाहीशी झाली. फ्लिकरने २०१८ च्या अखेरीस फुकट खात्यांना १,००० छायाचित्रांची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. संगणकावर रचना करण्याचा लेगो कंपनीचा स्वतःचा डिजिटल डिझायनर हा प्रोग्रॅमदेखील २०२२ मध्ये बंद झाला. ज्या जागा आज भरभक्कम दिसतात त्यांच्याबाबत वेगळे काही घडेल असे मानायला आधार नाही.

म्हणून मूळ छायाचित्रे घरी दोन ठिकाणी ठेवा, आणि रचनेची फाइल एलड्रॉच्या स्वरूपातही जतन करा. लेगोची रचना संगणकावर उतरवण्याची एलड्रॉ ही पद्धत जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये तयार केली. १९९७ मध्ये तो वारला, तरी छंदातल्या माणसांनी ते काम पुढे चालू ठेवले आहे. एलड्रॉची फाइल साध्या मजकुराची असते: प्रत्येक ओळीत एक तुकडा, त्याचा रंग, त्याची जागा, त्याची दिशा आणि त्या भागाचे नाव. एका स्टडच्या ठोकळ्याची रुंदी २० एकके, ठोकळ्याची उंची २४ एकके, पातळ प्लेटची ८, असा त्याचा हिशेब असतो. कुठलाही विशेष प्रोग्रॅम नसला तरी ती फाइल उघडून वाचता येते, आणि मोडलेली वस्तू पुन्हा उभी करायला जे जे लागते ते सारे तिच्यात असते. माझ्या मते या छंदाला मिळालेल्या मोठ्या देणग्यांपैकी ती एक आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते.

लेगो आयडियाजबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण निम्मे लोक मुळात त्याबद्दलच विचारत असतात. जपानमध्ये २००८ साली कूसू या नावाने सुरू झालेल्या या उपक्रमाला २०१४ मध्ये सध्याचे नाव मिळाले. तिथे ठेवलेल्या प्रकल्पाला १०,००० लोकांनी पाठिंबा दिला की कंपनी त्याची छाननी करते, आणि त्यातून संच निघाला तर मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या १ टक्का रक्कम मिळते. छाननीपर्यंत पोहोचलेल्या प्रकल्पांपैकीही बहुतेकांचे संच निघत नाहीत. मुख्य म्हणजे पहिल्या ६० दिवसांत १०० पाठिंबे मिळवण्यापासून पुढे सगळी धावपळ प्रचाराची असते. रचना चांगली असणे पुरेसे नसते, ती ज्यांना मनापासून हवी आहे अशी हजारो माणसे शोधावी लागतात. ज्याला ते काम आवडते त्याने अवश्य जावे. पण ‘माझी रचना कशी झाली आहे’ एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर तिथली आकडेवारी त्याचे उत्तर देत नाही, आणि अपुऱ्या पाठिंब्यामुळे आपले काम हिणकस आहे असे वाटून थांबलेले चांगले रचनाकार मी पाहिले आहेत. तिथे जाण्याआधी अटी पूर्ण वाचा. रचनेवरचे कोणते हक्क आपण देत आहोत हे समजून मगच होकार द्या.

चोरीची भीतीही बऱ्याच जणांना असते, आणि ती निराधार नाही. लोकप्रिय मॉकची छायाचित्रे आणि पुस्तिका न विचारता उचलून त्यांचे संच विकणारे विक्रेते आहेत. याला पूर्ण बंदोबस्त नाही. छायाचित्राच्या कोपऱ्यात बारीक नाव घालावे, फाइल खुली देताना व्यावसायिक वापराला मनाई करणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना निवडावा, आणि आपण दुसऱ्याच्या रचनेवरून काही घेतले असेल तर त्याचे नाव ठळकपणे लिहावे. सुरुवातीला मीही पुस्तिका दडवून ठेवत असे. दडवलेली रचना कोणी जोडत नाही, तिच्यातली चूक कोणी दाखवत नाही. हा तोटा मला चोरीच्या तोट्याहून मोठा वाटू लागला, आणि आता मी बहुतेक पुस्तिका खुल्या ठेवतो. विक्रीवर ज्यांचे घर चालते त्यांनी माझे अनुकरण करू नये.

मुलांचे काम दाखवणाऱ्या पालकांनी चेहरा, शाळेचे नाव, गणवेश, घराचा पत्ता यांपैकी काहीही चित्रात येऊ देऊ नये. फोनने काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाची नोंदही दडलेली असू शकते, ती काढून टाकावी. खाते पालकाच्या नावाचे असावे आणि आलेले अभिप्राय मुलाला दाखवण्याआधी पालकाने वाचावेत. त्याच वेळी, कोणते काम दाखवायचे याचा निर्णय मुलाचा असू द्यावा.

ज्यांनी आजवर काहीच कुठे ठेवले नाही त्यांचा शेवटचा प्रश्न असतो, सुरुवात कशाने करू. समोर उभी असलेली रचना अजून मोडू नका. खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात तिची छायाचित्रे काढा: समोरून एक, मग मागून, वरून, आणि उलटी करून तळाकडूनही, कारण जोडणाऱ्याला सगळ्यात आधी तळ पाहायचा असतो. मग बाहेरच्या भिंती एकेक करून उतरवा आणि प्रत्येक थर निघाल्यावर पुन्हा छायाचित्र घ्या. रचना पूर्ण सुटी होईल तेव्हा तुमच्याकडे साठ-सत्तर चित्रे असतील, आणि ती उलट्या क्रमाने लावली की जोडणीच्या पुस्तिकेचा पहिला कच्चा मसुदा तयार झालेला असेल.