चकतीला चिकटलेले जंतू
आज लघवीच्या कल्चरचा एक रिपोर्ट सोडताना वैतागच आला. त्यात वाढला होता ई. कोलाय, आतड्यातला एक जंतू. प्लेटवर जंतू पसरून आम्ही अँटिबायोटिक औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतो. औषध चाललं तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला हे बहाद्दर अगदी चिकटून वाढलेले. सेफ्ट्रायक्झोनचं तेच. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती मात्र ऐसपैस वर्तुळ होतं, नशीब!

पेशंटचा मुलगा म्हणाला, "आईने यातलं एकही औषध आधी घेतलेलं नाही हो. मग ती चालत कशी नाहीत?" प्रश्न रास्त आहे. पण प्रतिकार कमावतो तो जंतू, आई नव्हे. अब्जावधींत एखाद्याच्या जनुकात बदल होतो, औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो आणि पोषक जागी वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. त्यात प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं कडं एक जंतू दुसऱ्याला देऊन टाकतो, अगदी परजातीच्यालाही. 1959 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की ई. कोलाय आणि हगवणीचा शिगेला एकमेकांना एका झटक्यात अनेक औषधांचा प्रतिकार देतात. म्हणजे औषध खाल्लं एकाने आणि असा जंतू आला दुसऱ्याच्या पोटात, हे सहज होतं.

येताना मेडिकलमध्ये थांबले. पुढच्याने चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या मागितल्या, कात्रीने पट्टी कापून मिळाल्याही. 2014 पासून हे औषध शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. मी विचारलं तर दुकानदार म्हणाले, "ताई, गर्दीची वेळ आहे."