बॉक्समागे पंधरा पुडे कमी

२०२५ च्या ऑक्टोबरमधलं प्रकरण आहे. कागदोपत्री कधीच मिटलंय, पण माझ्या डोक्यातून काही जात नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मी महापे एमआयडीसीतल्या एका वेअरहाऊसमध्ये इन्व्हेंटरी बघते. थर्ड पार्टी वेअरहाऊस, म्हणजे माल कंपन्यांचा, जागा आणि जबाबदारी आमची. लोकांना वाटतं गोडाऊनमध्ये दिवसभर माल मोजत असतील. पुडे मोजत कोणीच नाही. स्कॅनर गनने बॉक्सवरचा बारकोड मारायचा, बीप झालं की पुढचा बॉक्स. आणि आत किती पुडे आहेत हे त्या बारकोडमध्ये नसतंच, ते सिस्टीममधल्या मास्टरमधून, म्हणजे प्रत्येक मालाची माहिती भरलेल्या यादीतून येतं. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

त्या दिवशी सकाळी एका मोठ्या रिटेल चेनच्या भिवंडीच्या डीसीकडून, म्हणजे स्टोअरना माल वाटणाऱ्या त्यांच्या गोडाऊनकडून, क्लेमचा, म्हणजे भरपाई मागणारा मेल आला. बिस्किटांचे ४०० बॉक्स गेले होते, त्यात ६००० पुडे शॉर्ट. दहा रुपयांचा पुडा, म्हणजे एमआरपीने ६०,००० रुपये. गाडी आमच्याकडून सील होऊन शिळफाटा, मुंब्रा बायपास, माणकोली अशी गेली, तिकडे सील नंबर जुळला, सील शाबूत होतं. मग वाटेत काही झालं नाही, म्हणजे जे झालं ते सील लावायच्या आधी, म्हणजे आमच्या डॉकवर, म्हणजे लोडिंगवाल्यांनीच केलं, असा हिशोब चहा संपायच्या आत मांडून मोकळे झाले सगळे. मी पोहोचले तेव्हा सिक्युरिटीने माथाडींच्या टोळीला गेटजवळ उभं केलं होतं आणि एकेकाची पिशवी उलटी करून डबे उघडून बघत होते. दोन पोरांचे गेटपास काढून घेतले होते, का तर ती गाडी भरताना ती दोघं आत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण ऐकली होती, त्या सकाळी डोळ्यांनी बघितली.

मुकादम पाटण तालुक्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटमध्ये उमेदीची वर्षं काढून आलेले. ते ओरडले नाहीत. मला बघून एवढंच म्हणाले, "ताई, सहा हजार पुडे डब्यात घालून नेले का आम्ही? तुम्ही तरी हिशोब लावा."

हिशोब तर समोरच होता. ४०० बॉक्स, ६००० पुडे, म्हणजे बॉक्समागे बरोबर १५. एकात वीस नाही, एकात पाच नाही, प्रत्येकात पंधरा. कुठला चोर चारशे बॉक्स उघडतो, प्रत्येकातून मोजून पंधराच काढतो आणि कंपनीच्या छापील टेपने परत चिकटवून ठेवतो? हे मॅनेजरच्या लक्षात यायला हवं होतं, ते हुशार आहेत, पण क्लेम आला की आमच्या लाइनमध्ये पहिला संशय माणसावर जातो, डेटावर कधीच जात नाही.

क्लेमसोबतची शीट उघडली तर वेगळाच वैताग. प्रत्येक पॅलेटवर, म्हणजे बॉक्स रचलेल्या फळीवर, एसएससीसी नावाचा एक नंबर असतो, १८ आकडी, तो पॅलेट जगात कुठेही गेला तरी त्याची ओळख तीच. डीसीवाल्याने तो एक्सेलमध्ये पेस्ट केलेला. एक्सेल पंधराच्या पुढचे आकडे धरूनच ठेवत नाही, शेवटचे तीन शून्य करून टाकतं. दहाच्या दहा पॅलेटचे नंबर एकसारखे, शेवटी ०००. नेमका जो सिरीयलचा शेवटचा भाग पॅलेट वेगळा दाखवतो तो आणि चेक डिजिट, म्हणजे नंबर बरोबर वाचलाय का ते पडताळणारा शेवटचा आकडा, तेच गायब. बॉक्सचा १४ आकडी नंबर तर १.८९ई+१३ असा दिसत होता. पंचतारांकित ऑफिसं आहेत या लोकांची, आणि कॉलम टेक्स्ट फॉरमॅटमध्ये ठेवावा हे वर्षानुवर्षं सांगूनही पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी लेबलांचे फोटो मागवले तेव्हा कुठे कळलं कोणते पॅलेट. दहाही पॅलेट दसऱ्यानंतर प्लांटमधून आलेल्या लॉटचे होते.

मग मी मुकादमांना घेऊन रॅकवर गेले. एक जुन्या लॉटचा बॉक्स खाली घेतला, एक नवीन, दोन्ही टेबलवर शेजारी ठेवले. बाहेरून माप तेच, रंग तोच. गन मारली, दोन्हीवर बीप, स्क्रीनवर एकच ओळ, 'इच पर केस १२०', म्हणजे एका बॉक्सात १२० पुडे. बारकोडखालचे चौदा आकडे बोट ठेवून वाचले. पहिला १, तो पॅकिंगची पातळी सांगतो, मग ८९०, मग कंपनी, मग आयटम, शेवटी चेक डिजिट. दोन्हीवर तंतोतंत तेच. (८९० म्हणजे माल भारतात बनलाय असं खूप जणांना वाटतं, तसं नाही, तो नंबर जीएसवन इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेच्या इथल्या शाखेकडून घेतलाय एवढाच त्याचा अर्थ.) मग टेप कापली. जुन्यात पंधरा-पंधरा पुड्यांच्या आठ ओळी. नव्यात पंधराच्या सात. पुडा हातात घेतला, जुना ६० ग्रॅम, नवा ६८ ग्रॅम, थोडा जाडा. सात ओळींनीच बॉक्स गच्च भरलेला.

मुकादमांनी नव्या बॉक्सच्या आखूड बाजूला बोट लावलं. तिथे बारीक अक्षरात १०५ छापलेलं होतं. म्हणाले, "हे बदललंय असं मी सुपरवायझरला आठवड्यापूर्वी बोललो होतो. तो म्हणाला, मामा तुम्ही भरा, ते बघायला सिस्टीम आहे."

आता वजनावर का नाही सापडलं ते बघा, मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. १२० गुणिले ६० म्हणजे ७२०० ग्रॅम. १०५ गुणिले ६८ म्हणजे ७१४०. फरक ६० ग्रॅम, बरोबर एका जुन्या पुड्याएवढा. आमच्याकडे वजनकाटा आहे, डीसीकडेही आहे, दोन्हीकडे बॉक्स आरामात पास. माप तेच, वजन जवळपास तेच, नंबर तोच. पॅलेटच्या लेबलवर ०२ या खुणेच्या पुढे बॉक्सचा नंबर आणि ३७ च्या पुढे बॉक्स किती ते, म्हणजे ४०. तेही खरंच होतं, चाळीसच होते. पुड्यांची संख्या लेबलवर कुठेच नाही. स्टोअरसाठी डीसीने बॉक्स फोडले तेव्हा पहिल्यांदा माणसाच्या हाताला पुडे लागले आणि स्टॉक कमी पडला. कंपनीचं इन्व्हॉइस, आमचा डिस्पॅच, डीसीचं जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सगळ्यांनी प्रामाणिकपणे १२० लिहिलं आणि सगळे चुकीचे.

हे झालं कशामुळे ते समजण्यासारखं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. मोठ्या पॅकची किंमत उतरवता येते, पण पाच आणि दहाच्या पुड्याचं काय करणार, गल्ल्यावर ८ रुपये ९० पैसे कोण देणार. म्हणून दहाची किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवले. गिऱ्हाइकाला फायदा मिळाला, चांगलंच झालं. जुन्या मालावर नवी एमआरपी चिकटवायला सरकारने ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुभा दिली होती. सगळीकडे धावपळ, त्यात दिवाळी. फक्त नंबर बदलायचा तेवढा राहिला.

आणि नियम याबाबत अगदी स्वच्छ आहे, त्यात अर्थ लावायला जागाच नाही. जीएसवनच्या जीटीआयएन मॅनेजमेंट स्टँडर्डमध्ये ते नियम आहेत (जीटीआयएन म्हणजे बारकोडमधला हाच वस्तूचा नंबर). पॅकवर लिहिलेलं निव्वळ वजन बदललं तर पुड्याला नवा नंबर, त्याच्या वरच्या प्रत्येक पॅकिंगलाही नवा नंबर. बॉक्समधली संख्या बदलली तर बॉक्सला नवा नंबर. आमच्या केसमध्ये दोन्ही बदललं होतं. शेतजमिनीची वाटणी झाल्यावर पोटहिस्सा पाडून त्याला वेगळा नंबर लावतात, कारण जुन्याच गट नंबरवर दोघांची नावं चालवली तर उद्या बांधावर डोकी फुटतात. इथे तेच झालं, डोकं मात्र तिसऱ्याचंच फुटायची वेळ आली.

या सगळ्या रचनेत मला मनापासून आवडणारं तत्त्व म्हणजे नंबरने स्वतः काही बोलायचं नाही. त्यात ग्रॅम नाही, चव नाही, किंमत नाही. तो फक्त ओळख, बाकीची माहिती मास्टरमध्ये. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावी च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा काउंटरवर स्कॅन झालं तेव्हापासून हे टिकलंय, लेझर गेला कॅमेरा आला, सरळ रेषांच्या जागी चौकोनी टूडी कोड यायला लागले, पण आतला नंबर तोच चालतो. पण मुका नंबर तेव्हाच विश्वासाचा जेव्हा एका नंबरमागे एकच वस्तू असते. २०१८ संपल्यापासून तर एकदा वापरलेला नंबर दुसऱ्या वस्तूला पुन्हा द्यायचाच नाही असा नियम आहे. मग एकाच वेळी दोन वस्तूंना चालवणं कसं चालेल?

मी कंपनीच्या मास्टर डेटावाल्यांना फोटो, दोन्ही बॉक्सची मोजणी, सगळं जोडून मेल टाकला आणि फोनही केला. पलीकडचे म्हणाले, मॅडम प्रॉडक्ट तेच आहे, फक्त ग्रॅमेज वाढलंय, नवा कोड काढला तर प्रत्येक डिस्ट्रिब्युटरच्या सिस्टीममध्ये नव्याने मॅपिंग, सीझनमध्ये कोण करणार. मी विचारलं, नियम माहितीये ना? "माहितीये, पण तो कंपल्सरी थोडाच आहे."

हे वाक्य मला अजून टोचतंय, कारण ते खरं आहे. जीएसवन काही सरकार नाही. ब्रसेल्सला मुख्यालय असलेली सभासदांची संस्था, शंभरावर देशांत तिच्या शाखा. नंबर द्यायचा की नाही हे ब्रँडच्या मालकाने ठरवायचं, चुकलं तर दंड नाही, तपासणीला कोणी येत नाही. सगळा डोलारा एकमेकांच्या शब्दावर उभा आहे. हे मुद्दाम तसं ठेवलंय आणि त्यामागचं कारण मला पटतं, सगळ्यांना चालेल असं काही उभं करायचं तर जबरदस्तीने होत नाही. पण शब्द मोडणारा बसतो एसी ऑफिसात आणि पिशवी उलटी होते डॉकवरच्या माणसाची, याची तरतूद त्या रचनेत कुठे आहे?

दुसरी बाजूही लिहिते, कारण नियम आहे म्हणून आंधळेपणाने मान डोलावणं मला जमत नाही. त्याच नियमांत एक असा की पॅकवर कंपनीने किंमत छापली असेल आणि ती बदलली तर नवा नंबर घ्या, आणि मुळात किंमत छापूच नका असा सल्ला. आपल्याकडे प्रत्येक पाकिटावर एमआरपी छापणं कायद्यानेच सक्तीचं आहे. म्हणजे दर भाववाढीला प्रत्येक साबणाला, प्रत्येक तेलाच्या पिशवीला नवा नंबर? हे भारतात कोणी पाळताना मला दिसलं नाही, पाळणं शक्यही नाही, म्हणून बिलिंगवाली मुलगी स्कॅन केल्यावर स्क्रीनवरच्या तीन एमआरपींपैकी पाकिटावरची कुठली ते उलटंपालटं करून शोधत बसते. एक नियम अशक्य निघाला की लोक बाकीचेही 'गाइडलाइन आहे हो' म्हणून सोडून देतात. माझ्या मते ग्रॅमेजचा नियम मोडायची सवय लागली ती इथूनच.

हा किंमतीचा नियम बदलायचा रस्ता आहे बरं का. स्टँडर्डमध्ये बदल हवा असेल तर वापरणारी कुठलीही कंपनी रीतसर विनंती टाकू शकते, मग गट बसतो, मसुदा सगळ्यांपुढे येतो, हरकती घेतात, मतदान होतं. वापरणारेच नियम करतात. पण त्या गटात बसायला वेळ लागतो, माणूस द्यावा लागतो, आणि आपल्याकडच्या कंपन्या नंबर विकत घेतात, लेबल छापतात आणि तिथेच थांबतात. वेअरहाऊसवाले तर त्या यादीत स्वतःला धरतच नाहीत. मी आमच्या मॅनेजरना म्हटलं, आपण जीएसवन इंडियाकडे एमआरपीचा मुद्दा लिहून देऊ. ते म्हणाले, आपलं काम माल हलवायचं. मी मसुदा लिहायला घेतलाय, कंपनीच्या सहीने जाईल की नाही ते बघू.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एवढं झालं की डीसीने क्लेम आमच्यावरून काढून ब्रँडवर टाकला, बॉक्सला पुढच्या उत्पादनापासून नवा नंबर लागला, पुड्याचा मात्र तोच ठेवलाय. आमच्या रॅकवर तेव्हा होता तो सगळा मिक्स माल टोळीनेच रात्री थांबून लॉटप्रमाणे वेगळा केला, वेगळ्या बिनमध्ये लावला. त्यासाठी वाराई, म्हणजे माल हलवायची मजुरी, जास्तीची द्यावी लागली, ती द्यायलाच हवी होती. दोन्ही पोरांचे गेटपास दुसऱ्या दिवशी परत मिळाले.

मुकादमांनी एकच मागितलं होतं, चोरी झाली नव्हती असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या, माथाडी बोर्डाच्या ऑफिसात दाखवायला. मी तेव्हाच मजकूर करून दिला, चार ओळींचा. तो एचआरकडे आहे, ते म्हणतात लीगलला विचारतोय. दर सोमवारी मी विचारते.