घाट, नदीचं पात्र आणि दोन गाड्या

आमच्या दोन्ही गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोचत होती, तरी डोंगरात शिरल्यावर दोघींचा स्वभाव पार वेगळा निघाला. माझी फोर बाय फोर, लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या मजबूत सांगाड्यावर उभी), गियरच्या दांड्याशेजारी ट्रान्सफर केसचा, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा, वेगळा दांडा असलेली. मावसभावाची ऑल-व्हील ड्राइव्ह, बसायला आरामशीर एसयूव्ही. सुरुवातीचा पल्ला पावसाने निथळणाऱ्या घाटाचा होता, आणि तिथे त्याचीच गाडी सरस ठरली.

त्याच्या गाडीला एरवी पुढची चाकं ओढतात. ती घसरू लागली की मागच्या एक्सलजवळचा मल्टिप्लेट क्लच (एकमेकांवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांचा जोड) आवळला जातो आणि ताकद मागेही वळते. हे सगळं सेन्सर आणि संगणक क्षणार्धात उरकतात, चालवणाऱ्याने काहीच करायचं नसतं. ओल्या वळणावर वेग न मोडता गाडी शांतपणे वळते. १९८०मध्ये आलेल्या ऑडी क्वात्रोने चारही चाकांची ताकद वेगवान रस्त्यावर काय करू शकते हे रॅलींमध्ये दाखवलं, ते उगाच नाही.

मग मीही फोर-हाय (नेहमीच्या वेगासाठी चारही चाकं जोडणारी स्थिती) टाकून तशीच का गेले नाही? कारण त्या घाटात बोगदे होते आणि बोगद्यांतलं डांबर कोरडं ठणठणीत होतं. हा मुद्दा नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण खरा फरक इथेच आहे. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापायचं असतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरची रचना) किंवा सैल होणारा क्लच असेल, तर हा फरक तिथे जिरतो. माझ्या गाडीसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे एरवी दोन चाकांवर नि गरजेपुरती चारवर चालणाऱ्या, फोर बाय फोरमध्ये तसं काही नसतं. फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) एकमेकांना घट्ट जखडले जातात, दोन्ही एकाच वेगाने फिरतात. चिखलात टायर थोडा घसरून तो ताण सोडतो. कोरडं डांबर घसरू देत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, वळणात गाडी अडखळत हिसके देते, आणि सगळा पीळ शाफ्ट, गियर नि टायरवर येतो. म्हणून घाटभर मी मागच्या दोन चाकांवरच, वेग आवरून चालवलं.

(दोन्ही गुण एकत्र असलेल्या गाड्याही आहेत. १९७०ची रेंज रोव्हर आणि १९७७ची लाडा निवा कायम चारही चाकांवर चालत, पण त्यांचं सेंटर डिफरन्शियल लॉक करता येई आणि लो-रेंजही, म्हणजे चाकं सावकाश पण जास्त जोराने फिरवणारी गियरची जोडी, होती.)

घाट संपला, डांबर संपलं, पुढे नदीचं कोरडं पात्र. दोघांनी टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली. वाळूत याने जितका फरक पडतो तितका कुठल्याच बटणाने पडत नाही. भावाची गाडी निम्म्या पात्रापर्यंत छान गेली, मग वेग मंदावला आणि डॅशबोर्डवर क्लच तापल्याची सूचना आली. सतत घसरत राहिलेला क्लच तापतो, आणि तो जळू नये म्हणून यंत्रणा मागची चाकं सोडून देते. आम्ही थांबलो, क्लच निवू दिला, पुढच्या चाकांसमोरची वाळू फावड्याने ओढली. गाडी निघाली, पण पलीकडच्या काठावर त्याने ती सपाटीला लावली आणि सामान माझ्या गाडीत टाकलं.

"ताई, आता तुझीच गाडी."

समोर सुट्या दगडांचा उभा चढ होता. गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलला आणून मी दांडा फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकं लो-रेंजवर, ओढला. लो-रेंजचं प्रमाण अडीच असेल, तर त्याच गियरमध्ये चाकं अडीच पट सावकाश फिरतात आणि त्यांची ओढ जवळजवळ तेवढ्याच पटीने वाढते. पहिल्या गियरमध्ये गाडी माणसाच्या चालीने दगडामागून दगड चढली. इंजिन घुसमटलं नाही, पायाखालचा क्लच दाबून धरावा लागला नाही.

अर्ध्या चढावर एक तिरकी घळ आली. डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक एकदमच अधांतरी झालं, आणि ताकद त्याच दोन रिकाम्या चाकांत वाहून गेली. प्रत्येक एक्सलचं डिफरन्शियल मोकळं असलं की असंच होतं. चारही चाकं जोडली म्हणजे चारही ओढतीलच असं नाही. मागचं डिफ-लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारं बटण) दाबलं, जमिनीवरचं मागचं चाक फिरलं, गाडी सुटली.

उतरताना तर फोर-लोचं मोल आणखी कळलं. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवत होतं, ब्रेकला पाय जवळपास लावावाच लागला नाही.

डांबराला लागण्याआधी मी टू-हाय, म्हणजे पुन्हा फक्त मागची दोन चाकं, टाकलं. दांडा अडकला होता; थोडं सरळ मागे घेतल्यावर पीळ सुटला आणि तो निघाला. टायरांत हवा भरली. घाटात पुन्हा पाऊस होता, भाऊ पुढे. "ब्रेकचं अंतर विसरू नको रे," मी फोनवर बजावलं, कारण चाकं चार जोडलेली असोत की दोन, ओल्या रस्त्यावर गाडी थांबते ती टायरच्या पकडीवरच.