गाण्याखालचं नाव : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर चार शब्द आहेत : गीतलेखन, चाल, गायन, रेकॉर्डिंग. 2008 साली पाटी रंगवून आली तेव्हा त्यातला पहिला शब्द नव्हता. पेंटर म्हणाला, "ताई, जागा पुरंना. आणि गाणं लिहून घ्यायला कोण येतंय तुमच्याकडं?" मी पाटी परत पाठवली. अक्षरं बारीक करा, पण तो शब्द पहिला पाहिजे, असं सांगितलं. त्या हट्टाला कारण होतं, ते आधी सांगते.

मी हरिपूरची. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच. आमच्या घरात मात्र नाटक नव्हतं, हळद होती. वडील पेवावर हमाली करायचे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. हळद भरून तोंड लिंपून टाकलं की आत हवा जात नाही, कीड धरत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. पण हवा नसते म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. तोंड मोकळं करून ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरणार. तेवढा वेळ हळकुंडं निवडायला आलेल्या बायका सावलीला बसून ओव्या म्हणायच्या. आई त्यांच्यात असायची, मी तिच्या मांडीला टेकून. ओवी मला तिथंच लागली. जुन्या ओव्या संपल्या की आई बसल्या बसल्या नवीन जोडायची, आणि पुढं मीही जोडायला लागले. हळदीच्या लग्नगाण्याचं माझं पहिलं कडवं असं होतं :

पेवाचं तोंड उघडा गं बाई, हळद येऊ द्या वरी,
पिवळ्या हातानं लेक माझी चालली सासरी.

2001 मध्ये एका कॅसेट कंपनीचा माणूस लग्नाची गाणी गोळा करत आमच्याकडं आला. मला रेकॉर्डिंगला नेलं, एका दुपारी चार गाणी म्हणून घेतली. त्यातली तीन जुनी होती आणि हे हळदीचं एक माझं. सातशे रुपये दिले आणि एका छापील पावतीवर सही घेतली. काही महिन्यांनी कॅसेट बाजारात आली. आतल्या कागदावर गायिका म्हणून माझं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'गीत-संगीत : पारंपरिक.'

त्या वेळी वाईट वाटलं, पण किती वाईट वाटायला पाहिजे हे कळलं नव्हतं. ते हळूहळू कळत गेलं. दर लगीनसराईत ते गाणं मांडवामांडवातून वाजायचं. मी लिहिलंय म्हटलं की लोक चेष्टा समजायचे. एका मावशीनं मला समजावलं, "अगं, ते आमच्या आज्जीच्या टायमाचं गाणं हाय." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. एवढं आपलं वाटावं असं गाणं झालं होतं, पण त्याची आई मी होते आणि कागदावर त्याला आई नव्हती.

पुढं एका शाहिरांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी आजही आमच्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पठ्ठे बापूराव आपल्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यांच्यासारखे जुने शाहीर लावणीच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफून ठेवायचे, त्याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांच्या अभंगातलं 'तुका म्हणे' तेच. नाव असं बसवायचं की गाळलं तर मात्रा कमी पडाव्यात आणि ओळ लंगडी व्हावी. कागद हरवतो, छापणारा विसरतो, पण गाणाऱ्याला ते नाव घ्यावंच लागतं. कॅसेट आली तशी ही रीत मागं पडली. नाव गाण्यातून बाहेर येऊन कव्हरवर गेलं, आणि कव्हर दुसऱ्याच्या हातात होतं.

लग्न होऊन मी सांगलीत गावभागात आले. यांचा व्यवसाय साऊंड सर्व्हिसचा, म्हणजे मांडवाचे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती. माझं गाणं यांनी कधी अडवलं नाही. उलट घरामागची खोली मोकळी करून म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणण्यापेक्षा इथंच म्हण की." शॉप अ‍ॅक्ट काढला, बँकेत चालू खातं उघडलं. एक मायक्रोफोन, एक जुना कॉम्प्युटर, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला सासूबाईंच्या सात गोधड्या. शेजारी पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा रात्री थांबला की आमचं काम सुरू व्हायचं. पहिली दोन वर्षं आमची सगळी गाणी रात्री अकरानंतरची आहेत.

पहिलं काम आलं ते पाळण्याचं. एका आजोबांना नातीच्या बारशाला तिच्या नावाचा पाळणा हवा होता. लिहून, चाल लावून, गाऊन, सीडीवर देऊन 501 रुपये घेतले. तेव्हापासून पाळणा हे आमच्या दुकानाचं मीठ-भाकरीचं काम आहे. लोकांना वाटतं, तयार पाळण्यात नाव बदललं की झालं. तसं होत नाही. 'आरोही' नाव सोपं, शेवटी 'ही' आहे, ओळीच्या टोकाला ठेवा आणि हवं तेवढं लांबवा. 'रुद्रांश'चं तसं नाही. बोलताना आपण तो 'श' तोडून टाकतो, गाताना त्याला 'अ' द्यावा लागतो, आणि तो 'अ' लांबवला तर पोराचं नाव 'रुद्रांशा' होऊन जातं. मग असं नाव ओळीच्या मध्ये घ्यायचं आणि टोकाला 'बाळा', 'राजा', 'तान्हा' असा मोकळा शब्द आणायचा. त्याशिवाय घरच्या एखाद्या आज्जीशी पाच मिनिटं बोलल्याशिवाय मी पाळणा लिहीत नाही. घरात पोरीला कोण काय हाक मारतं, कुणासारखं नाक आहे, मामाचं गाव कुठलं. मामाच्या गावाचं नाव पाळण्यात आलं की ऐकताना आईच्या डोळ्यात पाणी येतंच, हे मी इतक्या वेळा पाहिलंय.

हळूहळू गणेश मंडळं आली, जत्रा कमिट्या आल्या, शाळा आल्या. मंडळांचं काम आषाढात आटपावं लागतं, कारण ढोलपथकं आणि बेंजोवाले आधी चाल मागतात. निवडणुकीची गाणीही करतो. त्याचे पैसे आधी पूर्ण घेतो आणि त्यात समोरच्या उमेदवाराला वाईट बोलणारी ओळ लिहीत नाही, दोघांच्याही घरचे पाळणे आमच्याकडंच व्हायचे असतात.

याच काळात मी आकाशवाणी सांगलीची ऑडिशन दिली आणि पास झाले. रेडिओवर पहिलं गाणं लागलं त्या सकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभे होतो. निवेदिकेनं गाण्याआधी तीन नावं घेतली, गीत, संगीत, गायन, आणि तिन्ही वेळा माझंच नाव. आईला फोन केला तर ती गाण्याबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, "तीनदा घेतलं गं नाव." मानधनापेक्षा ते मोठं होतं माझ्यासाठी.

आमच्या कामाचा कागद कसा ठरला हेही सांगायला हवं, कारण नव्या गीतकारांचे सगळ्यात जास्त फोन मला याच विषयावर येतात. आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी कॉपीराइटचा कायदा मराठीत उलगडून सांगितला. गाण्याचे शब्द, गाण्याची चाल आणि त्याचं रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या वस्तू आहेत, तिन्हींचे हक्क वेगळे. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. 2012 च्या दुरुस्तीनं एक मोठी गोष्ट झाली : गीतकार-संगीतकारानं गाण्याचे हक्क दुसऱ्याला दिले तरी रॉयल्टीतला त्याचा बरोबरीचा वाटा त्याला लिहून देता येत नाही. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीकडं जाऊ शकतो. म्हणजे नडलेल्या माणसाकडून कुणी 'पुढचं काही मागणार नाही' असं लिहून घेतलं तरी कायदा ते मानत नाही. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

ही शेवटची ओळ ऐकली आणि मी घरी येऊन पत्र्याच्या पेटीतून 2001 ची ती पावती काढली. त्यावर रक्कम होती, तारीख होती, गाण्याचं नाव होतं. मुदत कुठंच नव्हती. वकीलबाईंनी पावती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "कॅसेटमधलं रेकॉर्डिंग त्यांचं, पण शब्द आणि चाल केव्हाच तुमच्याकडं परत आलीत. तुम्ही ते गाणं नव्यानं करा." बारा-तेरा वर्षं मी स्वतःचं गाणं स्वतः गायला बिचकत होते.

आता आम्ही एका पानाचा मराठी करार करतो. गाणं कशासाठी, किती वर्षांसाठी, कुठं कुठं वाजणार, नाव कुठं येणार. नावाचं कलम सगळ्यात वर. मी गीतकार म्हणून आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीची सभासद आहे, प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा नंबर, घेतो. सोसायटीकडून आलेली पहिली रक्कम साडेतीनशेच्या आसपास होती. खोटं कशाला सांगू, आमचं घर त्यावर चालत नाही, ते ऑर्डरच्या कामावरच चालतं. पण ती रक्कम मी काहीही न करता आली होती, मी झोपले असताना माझी ओळ कुठंतरी कामावर गेली होती. लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक कार्यात वाजलेल्या गाण्याला कायद्यानंच सूट दिली आहे, तिथं रॉयल्टी लागत नाही. मला ते पटतं. हळदीचं गाणं हळदीत फुकटच वाजावं.

एक चूक आमचीही झाली. काम वाढलं तेव्हा ढोलकीवाले मामा आजारी होते, म्हणून आम्ही विकत मिळणारे ढोलकीचे तयार तुकडे वापरून एका जत्रेचं गाणं केलं. यूट्यूबवर टाकलं आणि दोन दिवसांत त्यावर दुसऱ्याच एका कंपनीचा हक्काचा दावा आला. तोच ढोलकीचा तुकडा त्यांच्याही गाण्यात होता आणि त्यांनी त्यांचं गाणं आधी नोंदवलेलं होतं, त्यामुळं यूट्यूबच्या यंत्रानं दोन्ही एकच धरलं. तुकडा विकत घेतल्याची पावती जोडून दावा सोडवायला महिना गेला, तोवर जत्रा होऊन गेली. कमिटीनं पैसे कापले नाहीत हा त्यांचा चांगुलपणा. मामा बरे झाल्यावर त्यांना पहिला फोन आम्ही केला. तेव्हापासून आमच्या गाण्यात ढोलकी हातानं वाजवलेलीच असते, आणि वाजवणाऱ्याचंही नाव असतं.

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 च्या पुरात माहेरची, हरिपूरची पेवं पाण्याखाली जाताना पाहिली होती, या वेळी माझं दुकान. यांनी आदल्या रात्री हार्ड डिस्क आणि करारांची फाईल उशाच्या अभ्र्यात बांधून वर नेली, म्हणून गाणी वाचली. बाकी सगळं गेलं. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर गोधड्या भिंतीवरून सुटून गाळात पडल्या होत्या. बाजाच्या पेटीच्या पट्ट्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. तंबोऱ्याचा भोपळा सांध्यातून उघडला होता.

तंबोरा मिरजेला नेला. ज्या घराण्यानं तो केला त्यांच्याकडंच. कारागिरानं भोपळ्यावर बोटानं टकटक करून पाहिलं, उन्हात ठेवू नका म्हणाले, सावलीत महिनाभर वाळवला, मग सांधा जोडला आणि नव्यानं जवारी काढली, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद परत जुळवला. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत ते एकेक तार छेडत होते. धागा केसभर इकडं झाला तर तार मुकी, केसभर तिकडं तर नुसती झणझण. मध्ये एका जागी ती गुंजायला लागली. पुरात रंग उडाला होता, पण करणाऱ्याच्या नावाची बारीक पट्टी जागच्या जागी होती. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही त्यांना पेढे घेऊन गेलो होतो.

त्यानंतर लॉकडाऊन. लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, मंडळं नाहीत. पाळणे मात्र थांबले नाहीत. फोनवर आज्ज्यांशी बोलून लिहिलेले पाळणे मी कपाटात गोधडी पांघरून मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवत होते. त्या दिवसांतच वर गच्चीवर, पुराच्या रेषेच्या वर, दोन खोल्या बांधायचा निर्णय झाला. कर्ज अजून फेडतोय. आज आम्ही दोघं, एक ध्वनिमुद्रक मुलगा आणि कामापुरते येणारे वादक, एवढा संसार आहे.

त्या हळदीच्या गाण्याचं नवं रेकॉर्डिंग पुराच्या आधीच, 2018 मध्ये केलं होतं. त्याला मी शेवटचं एक कडवं नव्यानं जोडलं :

दोन नद्यांच्या संगमी गं ओवी माझी एक,
पेवावरची हळद गाते हरिपूरची लेक.

गेल्या श्रावणात सोमवारच्या जत्रेला माहेरी गेले होते. संगमेश्वराच्या देवळामागं पाच-सहा बायका सावलीला बसून तेच गाणं म्हणत होत्या, जुन्या कॅसेटसारखं, माझ्या कडव्याच्या आधीच थांबल्या. मी जवळ जाऊन बसले आणि पुढचं कडवं म्हटलं. एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यातली तरुण सून म्हणाली, "हे कडवं आमच्यात नाही. मावशी, परत म्हणा की." मी परत म्हटलं. तिनं पिशवी चाचपली, प्रसादाच्या पुडीचा कागद सोडवला, नारळाचा तुकडा पदरात घेतला आणि कागद माझ्यापुढं धरला. मी पर्समधलं पेन काढून तिला दोन्ही ओळी लिहून दिल्या.