तुम्ही विचारलंत म्हणून : या मुलांना वकील कशाला?

माझ्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे हे कळलं की लोक शाळेची, थेरपीची चौकशी करतात. मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेच्या सरकारी निधीला कात्री लागू नये म्हणून मी निवेदनं देत फिरते हे कळलं की मात्र हमखास विचारतात, "अहो, या मुलांना वकील कशाला? तो पैसा शाळांना द्या ना." चांगल्या मनानं विचारतात, म्हणून नीट सांगते.

शाळांना पैसा हवाच. पण शाळा संपते आणि कागदपत्रांचं आयुष्य सुरू होतं. 18 पूर्ण झाली की आईवडीलसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. त्या पालकानं सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. व्यवस्था चांगली आहे, पण तिच्यापर्यंत प्रकरण पोचलं तर.

गावाकडे काय होतं? वडील जातात, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात आणि "त्याला काय कळतंय, आम्ही सांभाळतोच आहोत ना" म्हणत हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला जातो. आमच्याच भावकीत मी हे पाहिलं आहे. सही करणाऱ्याला व्यवहार समजतच नसेल तर असा दस्त कायद्यापुढे टिकत नाही. पण दावा लावायचा कुणी? त्याच्या वतीनं वादमित्र उभा राहावा लागतो, आणि तो बहुधा जवळचा नातेवाईकच असतो. इथे तर अंगठा घेणाराच जवळचा. जो दोन वेळचं जेवायला घालतो त्याच्याविरुद्ध भांडायला वकिलाची फी त्याच्याकडेच मागायची का?

म्हणून हा वकील सरकारी पैशातूनच यायला हवा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 2024 मध्ये नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी नवी योजना आणली. तिच्यात जिल्ह्याजिल्ह्यात 'मनोन्याय' पथकं आहेत, त्यांतल्या वकिलांना या कामाचं प्रशिक्षण द्यायचं आहे.

ते प्रशिक्षण फार महत्त्वाचं आहे. माझा भाऊ अनोळखी माणसासमोर प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतो. जमीन देऊन टाकलीस? हो. तुला जमीन हवीय? हो. त्याच्या मनातलं खरं कळायला वकिलानं पुन्हा पुन्हा यावं लागतं, घरच्यांना बाहेर बसवून, तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारावा लागतो. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकिलाला मिळणाऱ्या तुटपुंज्या फीत हा वेळ बसत नाही. निधी आटला की आधी ही भेट जाते. फाइलला वकीलपत्र लागलेलं असतं, त्यामुळे कमी काय झालं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि ज्याचं नुकसान झालं तो तक्रार करायला येत नाही.

माझ्या निवेदनात म्हणून दोनच मागण्या आहेत : या पथकांसाठी स्वतंत्र तरतूद, आणि अशिलाच्या भेटीला कोर्टाच्या तारखेइतकीच फी, तीही वेळेवर. तुमच्या घरात, शेजारी असं कुणी असेल तर 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा. उत्पन्नाचा दाखला मागितला तर कलम 12 दाखवा.