शेवटच्या पानावरचा जमाखर्च

मागच्या रविवारी पुण्याहून भाचीचा फोन आला. पहिली नोकरी लागून तीन महिने झालेत, पगार खात्यात नुसता पडून आहे. "मामा, पैशावर कोणती पुस्तकं वाचू? तुमच्याकडे तर कपाट भरलंय." कपाट भरलंय हे खरं. त्यातल्या एका पुस्तकानं मामाला चांगलंच बुडवलंय, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

मी इंदूरच्या सियागंजात एका किराण्याच्या होलसेल पेढीवर हिशेब लिहितो. सत्तावीस वर्षं झाली. सुरुवातीला लाल कापडाच्या वह्या होत्या, आता संगणकावर टॅली आहे, पण सेठजी दिवाळीला पूजा अजून वहीचीच करतात. त्या लाल वह्यांमुळे मला एक खोड लागली. पैशावरचं पुस्तक वाचून झालं की त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी उभी रेघ मारतो. डावीकडे जमा, म्हणजे आलेलं; उजवीकडे नावे, म्हणजे गेलेलं. पुस्तक वाचून मी काय केलं आणि त्याचे रुपये किती झाले, एवढंच तिथे लिहायचं. पुस्तक 'प्रेरणादायी' वाटलं वगैरे मजकूर त्या पानावर चालत नाही.

सगळ्यात जुनं पान बॅबिलॉनच्या गोष्टींचं आहे. जॉर्ज क्लेसनचं 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन', १९२६चं. या गोष्टी आधी पत्रकांच्या रूपात निघाल्या आणि अमेरिकेतल्या बँका व विमा कंपन्या त्या लोकांना वाटत असत. म्हणजे मुळात जाहिरातच म्हणा ना. पण गोष्ट साधी आहे: मिळकतीचा दहावा हिस्सा आधी स्वतःचा, मग वाणी, दूधवाला, घरमालक. १९९९मध्ये माझा पगार ३,२०० रुपये होता. खजुरी बाजारातून जुनी प्रत आणली, वाचली आणि पुढच्या सोमवारी पोस्टात दरमहा ३२० रुपयांचं आरडी, म्हणजे आवर्ती ठेव खातं, उघडलं. बायको म्हणाली, "भाडं भरून उरलं तर टाका की." उरलं तर टाकायचं असतं तर आजवर काहीच टाकलं गेलं नसतं. पाच वर्षांनी त्या आरडीच्या पैशांत घरात फ्रिज आला आणि वर थोडे उरले. पान जमेचं.

आता नावेवालं. 'रिच डॅड पुअर डॅड' मी २००८मध्ये वाचलं, म्हणजे अमेरिकेत निघून अकरा वर्षं झाल्यावर. हिशेबनीस म्हणून त्या पुस्तकावर माझा राग आहे. खिशात पैसे टाकते ती मालमत्ता आणि खिशातून काढते ते देणं, म्हणून राहतं घर मालमत्ता नव्हे, असं त्याचे लेखक कियोसाकी म्हणतात. ताळेबंदात असं लिहिलं तर सीए मला ओळख दाखवणार नाही. पण खरं सांगू? घराचे हप्ते भरणाऱ्याला एकदा तरी हा धक्का बसायला हवा, तेवढ्यापुरती ती व्याख्या कामाची आहे. माझं गणित चुकलं ते पुढे. पुस्तक संपवलं ते अंगात वारं शिरल्यासारखं. नोकरी म्हणजे उंदरांची शर्यत, आपण प्लॉट घ्यायचा!

इंदूरबाहेरच्यांना 'डायरीवर सौदा' म्हणजे काय ते सांगावं लागेल. कॉलनी कागदावरही धड नसते. जमिनीचं डायव्हर्जन, म्हणजे बिनशेती, झालेलं नसतं, नकाशा मंजूर नसतो. पण प्लॉट विकले जातात. पैसे दिले की डायरीचं एक पान मिळतं: प्लॉट नंबर, चौरस फूट, भाव, जमा रक्कम, खाली सही. रजिस्ट्री नंतर. मधल्या काळात तीच डायरी तीन हात फिरते आणि प्रत्येक हातात भाव चढतो. दलाल म्हणाला, "भिया, रेट तो डबल होना ही है." मी १,८०,००० दिले. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांवरची सही तपासणारा मी, स्वतःच्या प्लॉटचा खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सरकारी गट क्रमांकही विचारला नाही. कॉलनी झालीच नाही. चार वर्षं चकरा मारून तुकड्यातुकड्यात १,२०,००० परत आले. नावे ६०,०००, व्याज वेगळं. ते डायरीचं पान मी त्याच पुस्तकात खूण म्हणून ठेवलंय.

पुस्तकाचा दोष किती आणि माझा किती, यावर बायकोचं मत ठाम आहे. ते इथे लिहीत नाही.

२०१४मध्ये आणखी एक खड्डा. तो पुस्तकाच्या नावे लिहिता येत नाही, पण भाचीला सांगितलाच. इंदूरच्या विजयनगर भागात तेव्हा शेअरच्या टिपा फोनवर विकणाऱ्यांचा सुळसुळाट होता. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे गुंतवणूक सल्लागारांचे नियम २०१३चे आणि पुढे सेबीच्या आदेशांमध्ये इंदूरचं नाव इतक्यांदा आलं की लाज वाटावी. पोरगी गोड बोलायची, "सर, आज का टारगेट पक्का है." फी धरून २८,००० गेले. आता कोणी सल्ला द्यायला आला की मी आधी नोंदणी क्रमांक मागतो. तो आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. 'गॅरंटी' हा शब्द ऐकला की क्रमांकही मागत नाही, फोन ठेवतो.

मोनिका हालन यांचं 'लेट्स टॉक मनी' २०१८चं, मी वर्षभरानं वाचलं. भाचीनं एकच वाचायचं तर हे. अमेरिकन पुस्तकांतल्या निवृत्ती योजना आपल्याकडे नाहीत. इथे आपलं पीपीएफ हे सरकारी बचत खातं, आपला विमा, आपले म्युच्युअल फंड. पैसे येण्याचं खातं वेगळं, खर्चाचं वेगळं, गुंतवणुकीचं वेगळं ठेवा, असं त्यात आहे. मी त्याच आठवड्यात केलं. मग विमा आणि गुंतवणूक यांची खिचडी करू नका, हे वाचून माझी जुनी पॉलिसी काढली. वर्षाला २४,००० हप्ता, संरक्षण पाच लाख. एक्सेलमध्ये परतावा काढला तर पाच टक्क्यांच्या जरा वर. दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात वीस वर्षं गेली, स्वतःच्या पॉलिसीचा एकदाही मांडला नव्हता! ती पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवले, पन्नास लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, घेतला आणि उरलेल्या रकमेतून निफ्टी या शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, सुरू केली.

सहाच महिन्यांत मार्च २०२० आला. २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला. सियागंज बंद, मी घरी, हातात बेंजामिन ग्रॅहम यांचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर'. १९४९चं, जाडजूड, मधली बाँडची प्रकरणं मी सरळ उलटली. पण आठवं प्रकरण कोळून प्यायलो. त्यात 'मिस्टर मार्केट' नावाचा भागीदार रोज दारात येऊन भाव सांगतो, कधी हर्षवायू झाल्यासारखा, कधी सुतकी चेहऱ्यानं. घ्यायचं की द्यायचं की चहा पाजून वाटेला लावायचं, हे आपण ठरवायचं. अहो, हा तर आमचा जिऱ्याचा दलाल! रोज अकराला येतो, "सेठ, आज निकाल दो, कल भाव नहीं मिलेगा." सेठजी त्याला पोहे खाऊ घालतात आणि माल आपल्या वेळेनं काढतात. एसआयपी चालू ठेवली. निफ्टीनं जानेवारीची पातळी नोव्हेंबरात पुन्हा गाठली. या पानावर आकडा मी अजून लिहिलेला नाही, कारण फंड विकलेला नाही.

'द सायकॉलॉजी ऑफ मनी'मधली रोनाल्ड रीडची गोष्ट भाचीला आधीच ठाऊक होती. पेट्रोल पंपावर आणि झाडलोटीचं काम करणारा माणूस, २०१४मध्ये गेला तेव्हा मागे ऐंशी लाख डॉलर. छान आहे, झरझर वाचून होतं. सोन्याबद्दल मात्र मी काहीच सुचवलं नाही. आईला इंदूरचा सराफा बाजार दिवसाचा, दागिन्यांचा आवडायचा, मला रात्रीचा, खाण्याच्या गाड्यांचा, भुट्ट्याच्या किसाचा.

एक गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नाही, पोस्टातल्या काउंटरवरच्या काकांनी सांगितली. पीपीएफमध्ये महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वात कमी शिलकीवर धरतात. वर्षाचे दीड लाख ५ एप्रिलच्या आत भरले तर ७.१ टक्क्यांनी १०,६५० रुपये व्याज, आणि ३१ मार्चला भरले तर त्या वर्षाचं शून्य. भाची म्हणाली, "मामा, माझा पगार ७ तारखेला होतो." म्हटलं, मग मागच्या पगारातलं राखून ठेव.

हालन आणि बॅबिलॉन पार्सलमध्ये बांधली. रिच डॅड देत नाही म्हटलं तर ती म्हणाली, "ऑफिसात सगळे तेच वाचतायत, मी विकत घेईन." मग तेही टाकलं. डायरीचं पान आत आहे तसंच राहू दिलंय.