ब्लेड अदलाबदल करण्याआधी टॉर्च मार बाबा

परवा एका पोराचा फोन आला, आधी आमच्याच टीममध्ये होता, आता दुसरीकडे आहे. "दादा, चेसिसमधल्या एका ब्लेडची एफसी लिंक डाउन आहे, दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघू का?" (ब्लेड म्हणजे चेसिस नावाच्या खोक्यात सरकवायचा पातळ सर्व्हर, आणि एफसी म्हणजे फायबर चॅनल, सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारा रस्ता.) मी जवळजवळ ओरडलोच, थांब, हात लावू नको, आधी टॉर्च आण. त्याला वाटलं दादाचं डोकं फिरलं. मग त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय, कारण हा धडा मला एका रात्रीत आणि चांगलाच महागात मिळालाय.

ज्यांनी ब्लेड चेसिस पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॅकमध्ये १० यू उंचीचा एक लोखंडी खोका, म्हणजे साधारण ४४ सेंटिमीटर, त्यात पुढून १६ हाफ-हाइट ब्लेडं, वर आठ, खाली आठ. मागून पंखे, स्विच आणि सगळ्या खोक्यावर लक्ष ठेवणारं मॅनेजमेंट मॉड्यूल. पूर्ण भरलेली असेल तर २०० किलोच्या आसपास जाते, चार माणसांनीसुद्धा उचलायच्या भानगडीत पडू नये. ही कल्पना बाजारात आली २००१ च्या सुमारास, आरएलएक्स नावाच्या एका छोट्या कंपनीने ३ यू मध्ये २४ सर्व्हर बसवले होते, मग २००२ ला आयबीएमचं ब्लेडसेंटर, २००६ ला एचपीची सी-क्लास, २००८ ला डेलची एम१०००ई, २००९ ला सिस्कोची यूसीएस. आमची कुठली होती ते लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता.

या सगळ्या खोक्यांच्या मधोमध एक उभा बोर्ड असतो, मिडप्लेन. पुढून ब्लेडं त्याच्यात घुसतात, मागून स्विच घुसतात. साध्या रॅक सर्व्हरला लिंक डाउन झाली की आपण काय करतो, केबल बदलून बघतो. इथे ब्लेड आणि स्विचच्या मध्ये केबलच नाही! केबल म्हणजे त्या मिडप्लेनमधली तांब्याची रेघ आणि तिच्या टोकाला केसापेक्षा थोड्याच जाड पिना. ती बदलून बघता येत नाही, आणि चेसिस भरलेली असताना ती दिसतही नाही. सगळी गंमत तिथे आहे.

आता गोष्ट. २०१७ चा मे महिना, नवी मुंबईत महापेचं एक डेटा सेंटर, बाहेर घामाच्या धारा आणि आत कोल्ड आइलमध्ये मी स्वेटर घालून. एका बँकेची चेसिस, १४ ब्लेडं भरलेली. स्टोरेजकडे जाणारे एफसीचे रस्ते दोन, फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी. रविवारी स्टोरेजवाल्यांनी फॅब्रिक ए च्या स्विचवर फर्मवेअर टाकायला घेतलं, स्विच रिबूट झाला आणि स्लॉट ५ मधला डेटाबेस सर्व्हर आडवा. आता नियमानुसार फॅब्रिक बी वरून चालायला पाहिजे होता ना, दोन रस्ते कशासाठी दिलेत? बघतो तर बी चा रस्ता तीन आठवड्यांपासून बंद. मल्टिपाथने, म्हणजे हे दोन रस्ते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, गुपचूप सगळा ट्रॅफिक ए वर नेलेला, मॅनेजमेंट मॉड्यूलवर सगळं हिरवंगार, सर्व्हर चालू, युजर खूश, आणि अलर्टचा मेल अशा एका ग्रुपला जात होता ज्यातली तीनपैकी दोन माणसं नोकरी सोडून गेली होती. रिडंडन्सीचा, म्हणजे जोडीला दुसरा तयार ठेवण्याचा, हा एक घोळच आहे, एक पाय मोडला तरी माणूस लंगडत नाही, दुसरा मोडल्यावर एकदम पडतो. स्विच परत वर आला, सर्व्हर उठला, साहेबांचे फोन थांबले. मग रात्री ११ ते ४ ची विंडो, म्हणजे काम करायला ठरवून दिलेली वेळ, मिळाली आणि मी एकटा आत.

पहिले दोन तास मी शहाण्यासारखा वागलो हे नमूद करतो. मॅनेजमेंट मॉड्यूलचा लॉग पाहिला, एकही हार्डवेअर एरर नाही. मागच्या एफसी स्विचवर अंतर्गत पोर्ट ५ डाउन, बाकीचे सगळे चालू, म्हणजे स्विच मेलेला नाही. पोर्ट बंद करून चालू केला, काही नाही. ब्लेडमधलं मेझॅनिन कार्ड (एफसी पोर्ट असलेलं छोटं कार्ड) बदललं, नवीन कार्ड म्हणजे नवीन डब्ल्यूडब्ल्यूएन (एफसी कार्डाचा ओळख क्रमांक), म्हणजे रात्री १ वाजता स्टोरेजवाल्याला उठवून झोनिंग (कुठल्या सर्व्हरला कुठलं स्टोरेज दिसेल ते ठरवणं) करून घेतलं, त्याने जे शब्द वापरले ते इथे नको. लिंक डाउनच. (मुळात लिंकच येत नसताना झोनिंगची घाई मी का केली हे मला आजही सांगता येत नाही, झोप असेल.)

मग आली आपली सगळ्यांची लाडकी टेस्ट. ब्लेड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाक, प्रॉब्लेम ब्लेडबरोबर गेला तर ब्लेड खराब, जागेवरच राहिला तर स्लॉट खराब. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे, आणि रॅम असो, डिस्क असो, पॉवर सप्लाय असो, सगळीकडे चालतं. बरोबर खाली स्लॉट १३ मध्ये रिपोर्टिंगचा सर्व्हर होता, तो तासभर बंद करायची परवानगी घेतली आणि दोघांची जागा बदलली. ५ चं ब्लेड १३ मध्ये, १३ चं ५ मध्ये.

निकाल काय? दोन्हीकडे लिंक डाउन.

आता सांगा, ब्लेड खराब की स्लॉट? मी पाच मिनिटं जमिनीवर बसून विचार केला. ५ चं ब्लेड १३ मध्येही चालत नाही, म्हणजे ब्लेड खराब. पण १३ चं चांगलं ब्लेड ५ मध्ये चालत नाही, म्हणजे स्लॉटही खराब. दोन्ही एकदम कसे? मला वाटलं स्विचच गेला असणार. म्हटलं आधी सगळं होतं तसं करून ठेवू. १३ चं ब्लेड काढलं, परत त्याच्या घरी १३ मध्ये टाकलं. हे ब्लेड याच स्लॉटमध्ये तासाभरापूर्वी दोन्ही रस्त्यांवर व्यवस्थित चालू होतं, मी स्वतः बघितलं होतं.

लिंक डाउन.

एसी १८ ला असताना घाम फुटणे म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी हात न लावलेली कुठलीच गोष्ट बिघडली नव्हती आणि हात लावलेली प्रत्येक गोष्ट बिघडली होती. मग कुठे मला टॉर्च सुचला, तोही माझ्याकडे नव्हता. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांचा आणला. दोन्ही ब्लेडं बाहेर काढली, डोकं जवळजवळ चेसिसमध्ये घातलं आणि स्लॉट ५ च्या अगदी आत, मिडप्लेनवर, शेकडो सरळ पिनांच्या रांगेत दोन पिना आडव्या दिसल्या. भाताच्या लावणीत एखादं रोप पडलेलं दिसतं ना, तसं. ब्लेडच्या मागचा कनेक्टर बघितला तर त्याच जागी प्लॅस्टिकचा टवका उडालेला आणि आतला संपर्क वाकडा झालेला. मग १३ मध्ये टॉर्च मारला. तिथेही एक पिन आडवी. नवी कोरी जखम.

झालं होतं ते असं. ५ मधल्या वाकड्या पिनेने आधी ५ च्या ब्लेडचा कनेक्टर फोडला. ते फुटकं ब्लेड मी १३ मध्ये दाबलं, त्याने १३ ची पिन वाकवली. आणि १३ चं धडधाकट ब्लेड मी ५ च्या वाकड्या पिनेवर दाबलं, त्याचाही कनेक्टर गेला. एक स्लॉट आणि एक ब्लेड आजारी होतं, टेस्ट करून मी दोन स्लॉट आणि दोन ब्लेडं आजारी केली. रोग शोधायला गेलेला डॉक्टर तीच सुई सगळ्यांना टोचत फिरला तर काय होईल? अजून एका स्लॉटमध्ये "खात्री करून बघू" म्हटलं असतं, आणि मी म्हणणारच होतो, स्लॉट १४ मोकळा होता, तर तिसराही गेला असता.

आणि सर्व्हर चालू का होता? कारण पॉवरच्या पिना वेगळ्या आणि जाड, नेटवर्कच्या वेगळ्या जागी, मॅनेजमेंटच्या वेगळ्या. वाकलेल्या दोन पिना नेमक्या दुसऱ्या एफसी पोर्टच्या जोडीतल्या. हाय स्पीड सिग्नल जोडीने धावतो, त्यातली एक तार जरी तुटली तरी लिंक धरत नाही. मॅनेजमेंट मॉड्यूलला या पिनांचं काहीच कळत नाही, त्याच्या दृष्टीने ब्लेड लागलेलं आहे, गरम नाही, वीज घेतंय, मजेत आहे. हिरव्या लाइटचा अर्थ एवढाच.

मुळात पहिली पिन वाकली कशी हे शोधायला जास्त वेळ लागला नाही, तीन आठवड्यांपूर्वी त्या सर्व्हरची रॅम वाढवायला कोण गेलं होतं ते कॉल रजिस्टरमध्ये होतं. मीच. हाफ-हाइट ब्लेडांच्या वरच्या-खालच्या रांगेत एक काढता येणारी आडवी फळी असते, ती त्या दिवशी नीट लॉक झालेली नसणार, ब्लेड किंचित तिरकं गेलं, शेवटच्या सेंटिमीटरला अडलं आणि मी इजेक्टर लिव्हरवर अंगठ्याने जोर दिला. खट् आवाज आला होता तो आठवतो मला. त्या लिव्हरचा फायदा असा की तिच्यात भरपूर ताकद आहे, तोटाही तोच. नीट बसणारं ब्लेड दोन बोटांनी बसतं. अडलं की बाहेर काढायचं, बघायचं. जोर नाही.

पुढचं झटपट सांगतो. दोन्ही ब्लेडं आपापल्या स्लॉटमध्ये परत लावली, दोघं एकाच रस्त्यावर चालू झाले, आणि पार्ट येईपर्यंतचे चार दिवस फॅब्रिक ए ला कुणी शिंकूनही दाखवायचं नाही असं स्टोरेजवाल्यांना बजावलं. पिन चिमट्याने सरळ करून बघू का, असं एकाने सुचवलं होतं. करू नका. सरळ दिसते, पण एकदा वाकलेली पिन पुढच्या वेळी तुटते, आणि तुकडा आत कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.

मिडप्लेन बदलणं म्हणजे वाडा उतरवून परत उभा करणं. शनिवारी रात्री १४ सर्व्हर बंद. प्रत्येक ब्लेडवर मास्किंग टेप आणि त्यावर मार्करने स्लॉट नंबर, हे अतिशय महत्त्वाचं, कारण काही चेसिसमध्ये मॅक (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आणि डब्ल्यूडब्ल्यूएन ब्लेडला नाही तर स्लॉटला बांधलेले असतात, तिथे ब्लेड चुकीच्या घरात गेलं तर ते दुसऱ्याच सर्व्हरची डिस्क उघडून बूट होतं आणि मग जो गोंधळ होतो त्याला हार्डवेअर इंजिनिअर पुरत नाही. आमच्याकडे ते चालू नव्हतं म्हणून माझी अदलाबदल तेवढ्यावर तरी निभावली. पंखे काढले, पॉवर सप्लाय काढले, स्विच काढले, जुना मिडप्लेन बाहेर, नवा आत. चेसिसचा सिरियल नंबर मिडप्लेनवरच्या चिपमध्येच असतो, तो नव्या मिडप्लेनवर हाताने लिहावा लागला, नाहीतर सपोर्टवाल्यांच्या लेखी ही चेसिस अस्तित्वातच नाही. दोन्ही आजारी ब्लेडांचे सिस्टिम बोर्डही बदलले, ती जुनी ब्लेडं नव्या मिडप्लेनमध्ये घालण्याचा प्रश्नच नव्हता.

सगळं जोडून चालू केल्यावर एक ब्लेड उठेनाच, आणि माझ्या काळजात परत धस्स झालं. पण ते वेगळंच निघालं. ब्लेड चालू होण्याआधी मॅनेजमेंट मॉड्यूलकडे विजेची परवानगी मागतं, आणि आम्ही एका पीडीयूचा (रॅकला वीज वाटणाऱ्या पट्टीचा) ब्रेकर वर करायला विसरलो होतो, अर्धे पॉवर सप्लाय मेलेले, रिडंडन्सी ठेवून वाटायला वीजच उरली नव्हती. ब्लेड मेलं असं समजून बदलायला काढलेली अशी कितीतरी ब्लेडं मी पाहिली आहेत. ब्रेकर वर केला, उठलं.

आता बॅगेत हेडटॉर्च असतो आणि डेंटिस्टकडे असतो तसला दांडीवाला छोटा आरसा. ब्लेड कुठलंही असो, कितीही घाई असो, आधी स्लॉटमध्ये बघायचं, मग ब्लेडचं बूड बघायचं, मग आत. अर्धं मिनिट लागतं. फोनवरच्या त्या पोराने मोबाइलच्या टॉर्चने बघितलं आणि फोटो पाठवला. पिना सरळ होत्या, कनेक्टर साफ. मग म्हटलं टाक आता दुसऱ्या स्लॉटमध्ये. लिंक आली. ते ब्लेड आधी ज्यात होतं तो स्लॉट तपासायचा बाकी आहे, बघू काय निघतं.

आमच्या वेळचा आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल, मीच लिहिला होता. कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं की माझ्या चुकीने ब्लेड तिरकं बसवलं गेलं आणि नंतर न तपासता अदलाबदल केल्याने नुकसान वाढलं. सरांनी वाचला, माझ्याकडे बघितलं, "अरे, बँकेला जाणार आहे हे," म्हणाले आणि ते सगळं खोडून तीन शब्द टाईप केले. 'मेकॅनिकल डॅमेज, हँडलिंग.'